पांढरी तार

लोहारे बाईंनी फोनवर एवढंच सांगितलं,
कूलर लावला की देवघरातला बल्ब
डोळे मिचकावतो.
मी म्हटलं, कूलर बंद ठेवा, आलेच.
उदगीरला मे महिन्यात कुणाला असं सांगणं
म्हणजे पाप आहे. सांगितलं.

बोर्डाच्या झाकणाला उलटा हात लावला.
नुकतंच कुणी उठून गेलेल्या पाटाइतकं कोमट.
एका सॉकेटभोवती तपकिरी कडं,
चहाच्या कपानं उठवावं तसं.
आणि वास.
बाई म्हणाल्या, शेजारी मासळी तळत असतील.
शेजारच्या घराला चार महिने कुलूप आहे.

मेन पाडलं. टेस्टर दोनदा लावून पाहिला.
स्क्रूला पेचकस लागलाच नाही,
बोटानंच फिरला.
आत पांढरी तार.

तांबं दाबलं की दाबल्या जागी अडून राहतं.
ॲल्युमिनियमचं तसं नाही, बाई.
तापलं की फुगतं, निवलं की आखडतं,
दर वेळी केसभर सरकतं,
असे पन्नास उन्हाळे.
वारा लागला की अंगावर साय धरतं,
आपल्याला न दिसणारी.
वीज त्या सायीतून वाट काढते
आणि वाट काढता काढता तापते.
फ्यूजला यातलं काही कळत नाही.
तो जास्तीचा हिशेब ठेवणारा कारकून,
इथं जास्तीचं काही वाहतच नाही.
रोजचंच वाहतं. फक्त जागा सैल.

हे सांगत होते
आणि मध्येच थांबले.
जोडावरची काळी पट्टी सोडवली तर खाली
तीन पीळ डावे, एक उलटा,
टोक आत मुडपलेलं.
असा पीळ अख्ख्या तालुक्यात एकच माणूस मारायचा.
आई माहेरी गेली की शाळेला निघताना
माझ्या रिबिनीलाही तोच असे.

घर कधीचं? मी विचारलं.
दुष्काळानंतरचं, बाई म्हणाल्या.
तांबं तेव्हा कुणाला परवडतंय!
तुमचे मन्मथअप्पाच आले होते की वायरिंगला.
पितळी डब्यात खिळे आणायचे.
एकही खिळा वाकडा नाही, बघ.

पाहिलं. एकही नव्हता.

संध्याकाळी अप्पा बाजेवर, रेडिओ कानाशी.
कुठं गेलतीस?
लोहारे बाईकडं.
जळालं का?
काय झालं, असं त्यांनी विचारलंच नाही.
जळालं नाही, मी म्हटलं. जळायलतं.

रेडिओ चालूच राहिला.
त्यांचा अंगठा तर्जनीवर फिरत होता,
तीनदा डावीकडं, एकदा उलटा.
दुकानात तेच मिळायचं, ते म्हणाले.
स्वस्त. हलकं. सायकलवर तीन बंडलं मावायची.
काम चांगलं केलं होतं मी.

चांगलंच होतं अप्पा.

मग मी वही घेतली आणि ते सांगत गेले.
माणसांची नावं विसरलेत, जोड नाही.
हलवायाचं घर, भट्टीच्या मागं, एक.
मौलवीसाहेबांकडं दोन, त्यातला एक भिंतीत, गिलाव्याखाली.
पोस्टमन, जिन्याच्या तोंडाशी.
ते गिलाव्याखालचं आधी घे,
असं दोनदा म्हणाले.
एकसष्ट घरं झाली तेव्हा लाईट गेली.
अंधारातही सांगतच होते.
मी मोबाईलच्या उजेडात लिहीत होते.

सकाळी ते स्कूटीवर माझ्या मागं बसले,
सदऱ्याच्या खिशात टेस्टर,
पकडायचं माझ्या खांद्याला, पण पकडेनात.

पहिल्याच दारात सून आडवी आली.
पन्नास वर्षांत काही झालं नाही आमच्याकडं.
आणि तांब्याचा खर्च कोण देणार?
तिचं खोटं नव्हतं.
मी पायरीवरच सायीचं, स्क्रूचं
पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.

अप्पांनी चप्पल काढली.
माझ्या बाजूनं, तिच्या बाजूनं आत गेले.
पुढच्या खोलीत अंधार, दारामागं फळी,
फळीवर गव्हाचा पत्र्याचा डबा.
त्यांनी डबा उचलून खाली ठेवला
आणि न चाचपडता
हात थेट मेनवर नेला.